इन्स्पेक्शन लेव्हल कशी निवडायची: लॉटच्या सॅम्पलिंगपासून गाडीच्या सेफ्टी चेकपर्यंत, क्रमाने

सॅम्पलिंगचा तक्ता (लॉटमधले, म्हणजे एकत्र आलेल्या मालातले, किती पीस काढून तपासायचे ते सांगणारा) सगळ्यांकडे असतो, भिंतीवर लावलेला असतो, तरी लेव्हल निवडताना त्याच त्याच चुका होतात. माल घाईत असेल तर लेव्हल खाली आणायची, सप्लायरवर राग असेल तर वर न्यायची, आणि सेफ्टीच्या पार्टला पण तोच तक्ता लावून मोकळं व्हायचं. हा लेख आयएसओ २८५९-१ च्या तक्त्यांवर आहे (अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे पास-फेल प्रकारची तपासणी) आणि शेवटी गाडीच्या सेफ्टी चेकवर आहे, कारण तिथे हा तक्ता कुठे थांबतो ते बऱ्याच जणांना सांगितलेलंच नसतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. लेव्हल, एक्यूएल (अ‍ॅक्सेप्टन्स क्वालिटी लिमिट) आणि तपासणीची कडकपणा-सूट (नॉर्मल, टाइटन्ड, रिड्यूस्ड) ही तीन वेगवेगळी बटणं आहेत. लॉटच्या आकाराला किती मोठं सॅम्पल लागेल ते लेव्हल ठरवते. दोषांचं प्रमाण किती असेपर्यंत माल बहुतेक वेळा पास होईल ते एक्यूएलवर जातं. आणि सप्लायरचा मागचा रेकॉर्ड बघून तिसरं बटण फिरतं. ज्यांची गडबड होते त्यांनी बहुतेक वेळा एकाच्या जागी दुसरं फिरवलेलं असतं.

## तयारी: माल यायच्या आधी

हे सगळं लॉट दारात यायच्या आधी कागदावर असलं पाहिजे:

- कुठला पार्ट, कुठलं ड्रॉइंग, कुठली रिव्हिजन
- दोषांची यादी, क्रिटिकल, मेजर, मायनर अशी विभागून
- प्रत्येक वर्गासाठी एक्यूएल आणि लेव्हल
- गेज, त्याची कॅलिब्रेशनची तारीख, आणि दिसण्याच्या दोषांसाठी हद्दीचे नमुने (इथपर्यंत चालेल, इथून पुढे नाही असे प्रत्यक्ष पीस)
- लॉट नापास झाला तर कोणाला कळवायचं आणि माल कुठे ठेवायचा

हद्दीचे नमुने बनवायला लोक कंटाळतात पण नंतर जे वाद होतात त्यातले अर्धेअधिक इथेच मिटतात. "स्क्रॅच नको" असं लिहून काही होत नाही, एक जण प्रत्येक रेघ पकडतो आणि दुसरा काहीच पकडत नाही. दोघा तपासणाऱ्यांना एकमेकांना न सांगता तेच दहा-पंधरा पीस बघायला द्या, त्यात चांगले-वाईट दोन्ही मिसळा, आणि निकाल जुळतात का बघा. जुळत नसतील तर आधी ते सोडवा, कारण माणसागणिक निकाल बदलत असेल तर सॅम्पल ८० चं घ्या नाहीतर ८०० चं, हाती काही लागत नाही.

तपासा: लेव्हल ठरवणाऱ्याने लॉट अजून बघितलेला नाही ना? बघून झाल्यावर लेव्हल ठरवली तर तो निकाल धरू नका.

## टप्पा १: लॉट म्हणजे नक्की काय ते ठरवा

एका लॉटमध्ये एकाच प्रकारचे, एकाच परिस्थितीत बनलेले पीस हवेत. तोच साचा, तेच मटेरियल, साधारण तोच काळ. दोन वेगळ्या हीट-ट्रीटमेंट बॅचचा माल एका ट्रकमधून आला म्हणून तो एक लॉट होत नाही.

इथे मोह असा असतो की छोटे लॉट एकत्र करून मोठा लॉट दाखवायचा, कारण लॉट मोठा झाला तरी सॅम्पल त्या प्रमाणात वाढत नाही, तेव्हा एकूण काम कमी होतं. लॉट खरंच एकसारखा असेल तर हे योग्यच आहे. पण त्यात एक बॅच खराब असेल तर ती चांगल्या बॅचच्या गर्दीत लपते आणि सॅम्पलमध्ये तिचे एक-दोन पीस येऊन लॉट पास होऊन जातो.

अजून एक. हे तक्ते एकाच सप्लायरकडून एकामागून एक येणाऱ्या लॉटसाठी आहेत. कधीतरी एकदाच आलेला, पुन्हा न येणारा लॉट असेल तर त्याला आयएसओ २८५९-२ आहे, तो त्यासाठीच लिहिलाय.

टाळा: "१० टक्के तपासा" हा नियम. ५० च्या लॉटमध्ये २ पीस खराब आहेत आणि तुम्ही १० टक्के म्हणजे ५ काढलेत, तर दोन्ही खराब पीस हातून सुटण्याची शक्यता ८१ टक्के आहे. आणि ५,००० च्या लॉटला हाच नियम ५०० पीस तपासायला लावतो, जिथे एवढ्यांची बहुतेक वेळा गरज नसते.

## टप्पा २: दोषांचे वर्ग पाडा

क्रिटिकल म्हणजे ज्याने माणसाला इजा होऊ शकते. मेजर म्हणजे पार्ट कामाचा राहणार नाही किंवा बसणार नाही. मायनर म्हणजे वापरावर फारसा फरक पडत नाही. प्रत्येक वर्गाचा हिशोब वेगळा चालतो, वेगळा एक्यूएल, वेगळा निकाल, सगळे दोष एकत्र मिळवून एकच आकडा काढायचा नाही.

एक्यूएल १.० म्हणजे सप्लायरला १ टक्का खराब माल पाठवायची परवानगी, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्टँडर्डमध्ये स्पष्ट आहे की एक्यूएल ठरला म्हणून जाणूनबुजून खराब पीस द्यायचा हक्क कुणाला मिळत नाही, आणि सॅम्पलमध्ये सापडलेला खराब पीस लॉट पास झाला तरी बाजूलाच काढायचा.

आणि "क्रिटिकलला एक्यूएल शून्य" असं सर्रास लिहिलेलं असतं. तक्त्यात शून्याचा कॉलमच नाही, सगळ्यात लहान ०.०१० आहे. लोकांच्या मनात असतं ते म्हणजे "एकही सापडला तर रिजेक्ट". ठीक आहे, पण त्याने किती संरक्षण मिळतं ते बघा: लॉटमध्ये १ टक्का पीस खराब आहेत, तुम्ही ८० तपासले, तरी एकही न सापडण्याची शक्यता ४५ टक्के आहे. म्हणून ज्या दोषाने माणूस मरू शकतो तो दोष सॅम्पलिंगवर सोडायचा नाही, त्याला १०० टक्के तपासणी, नाहीतर प्रोसेसमध्येच असा बंदोबस्त की चुकीचा पीस पुढे सरकणारच नाही. ज्या टेस्टमध्ये पीसच मोडतो, उदा. वेल्ड तोडून बघणं, तिथे १०० टक्के शक्यच नाही, मग तिथे प्रोसेसच्या सेटिंग्जवर पूर्ण ताबा आणि त्याच्या जोडीला तोडून बघायचे नमुने असं दोन्ही लागतं.

## टप्पा ३: लेव्हल निवडा

सात लेव्हल आहेत. तीन जनरल: एक, दोन, तीन. चार स्पेशल: एस-१ ते एस-४. काहीच ठरलेलं नसेल तर लेव्हल दोन, विषय संपला.

लेव्हल तीन तेव्हा घ्या जेव्हा चुकीचा लॉट आत आला तर नुकसान मोठं आहे, किंवा पार्ट एकदा असेंब्लीत गेला की परत काढणं जवळपास अशक्य आहे. लेव्हल एक तेव्हा, जेव्हा चांगला-वाईट लॉट ओळखण्यात थोडी ढिलाई चालते. स्पेशल लेव्हल फक्त तेव्हा, जेव्हा टेस्ट महाग आहे किंवा पीस तोडावा लागतो, आणि छोट्या सॅम्पलची जोखीम तुम्ही समजून उमजून घेताय.

हे आकड्यात बघितल्याशिवाय पटत नाही, म्हणून १,००० पीसचा लॉट आणि एक्यूएल १.० धरून बघू, नॉर्मल तपासणी, सिंगल सॅम्पलिंग (एकदाच सॅम्पल काढून निकाल). "१ ला पास, २ ला रिजेक्ट" म्हणजे सॅम्पलमध्ये १ पर्यंत खराब पीस सापडले तर पास, २ किंवा जास्त सापडले तर रिजेक्ट:

- एस-१ ते एस-४: चारही लेव्हलला शेवटी १३ पीस, ० ला पास, १ ला रिजेक्ट
- लेव्हल एक: ५० पीस, १ ला पास, २ ला रिजेक्ट
- लेव्हल दोन: ८० पीस, २ ला पास, ३ ला रिजेक्ट
- लेव्हल तीन: १२५ पीस, ३ ला पास, ४ ला रिजेक्ट

आता समजा लॉटमध्ये खरंच ५ टक्के पीस खराब आहेत, म्हणजे ठरवल्यापेक्षा पाचपट. हा लॉट पास व्हायची शक्यता १३ पीसच्या सॅम्पलला साधारण ५१ टक्के, लेव्हल एकला २८, दोनला २३ आणि तीनला १२ टक्के. म्हणजे स्पेशल लेव्हलवर निम्म्या वेळा असा लॉट आत येणार. आणि उलट बाजू पण बघा, जी कुणी बघत नाही: लॉट चांगला आहे, फक्त १ टक्का खराब, तरी १३ च्या सॅम्पलमध्ये तो १२ टक्के वेळा विनाकारण रिजेक्ट होतो, लेव्हल दोनला मात्र ५ टक्क्यांच्या आसपास. छोटं सॅम्पल दोन्हीकडून मारतं, सप्लायरला पण आणि तुम्हाला पण.

वरच्या यादीत अजून एक गोष्ट दिसते. एस-१ घेतली काय नि एस-४ घेतली काय, १३ च्या खाली जाताच येत नाही, कारण एक्यूएल १.० ला त्याहून छोटा प्लॅन तक्त्यात नाहीच. तेव्हा "एस-१ घेऊ, ५ पीसमध्ये काम होईल" असं कोणी लिहून आणलं तर तो तक्ता नीट वाचलेला नाही.

टाळा: लेव्हल एकला "रिड्यूस्ड" समजणं. रिड्यूस्ड तपासणी वेगळ्या तक्त्यातून येते आणि ती कमवावी लागते, पुढे टप्पा ७ मध्ये आहे.

## टप्पा ४: कोड अक्षर, मग बाण

पहिला तक्ता: लॉटचा आकार आणि लेव्हल, त्यातून कोड अक्षर. लेव्हल दोनसाठी नेहमी लागणारी: १५१ ते २८० ला जी, २८१ ते ५०० ला एच, ५०१ ते १,२०० ला जे, १,२०१ ते ३,२०० ला के, ३,२०१ ते १०,००० ला एल. (आय आणि ओ ही अक्षरं मुद्दाम वगळलेली आहेत, तक्ता फाटलेला नाही.)

दुसरा तक्ता: कोड अक्षराची ओळ आणि एक्यूएलचा कॉलम. जी ३२, एच ५०, जे ८०, के १२५, एल २००. जिथे ओळ आणि कॉलम भेटतात तिथे आकडे असतील तर झालं. बाण असेल तर बाणाच्या दिशेने पहिल्या आकड्यांपर्यंत जा, आणि सॅम्पलचा आकडा पण त्या नव्या ओळीचाच घ्या. सगळ्यात जास्त चूक इथे होते. लोक पास-फेलचे आकडे खालच्या ओळीतून उचलतात आणि सॅम्पल मात्र जुन्याच ओळीचं ठेवतात.

उदाहरण: ३०० चा लॉट, लेव्हल दोन, म्हणून एच, ५० पीस. एक्यूएल ०.६५. तिथे खाली जाणारा बाण आहे, तो जे वर नेतो, तिथे १ ला पास, २ ला रिजेक्ट. तपासायचे पीस ८०, ५० नाही. ५० तपासून १ ला पास केलं तर तो कुठलाच प्लॅन नाही.

अजून लहान लॉट घ्या, ४० चा. लेव्हल दोनला डी, ८ पीस, पण एक्यूएल ०.६५ ला बाण थेट एफ वर, म्हणजे २० पीस, ० ला पास. अर्धा लॉट तपासायचा. आणि बाणाने नेलेलं सॅम्पल लॉटएवढं किंवा लॉटपेक्षा मोठं निघालं तर सगळाच लॉट तपासा.

तपासा: चेकशीटवर कोड अक्षर आणि वापरलेली ओळ दोन्ही लिहिलेत का? वेगळी असतील तर पुढच्याला कळायला हवं की बाण पाळलाय.

## टप्पा ५: सॅम्पल काढा, वरचेवर उचलू नका

४० खोक्यांत प्रत्येकी २५ पीस, असा १,००० चा लॉट आहे. ८० हवेत. वरच्या चार खोक्यांतून वीस-वीस उचलले तर तुम्ही चार खोकी तपासली, लॉट नाही. आणि वरची खोकी बहुतेक वेळा एकाच शिफ्टची असतात.

नीट करायचं तर असं: मनात १ ते १,००० क्रमांक द्या, मोबाईलवर किंवा शीटमध्ये ८० रँडम नंबर काढा, चढत्या क्रमाने लावा. ६१३ आला तर? ६०१ ते ६२५ हे पंचविसाव्या खोक्यात, म्हणून पंचविसावं खोकं, तेरावा पीस. नंबर आधीच लावून ठेवले की पॅलेटभोवती एकाच फेरीत काम होतं, आणि तळाचं खोकं यादीत आलं तर वरची सगळी उतरवायचीच. तिथेच नेमकी टाळाटाळ होते, आणि खराब माल पाठवणाऱ्याला ते माहीत असतं.

सप्लायरचा माणूस "हे घ्या, मी काढून देतो" म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा.

## टप्पा ६: तपासा आणि मोजा

- एका पीसमध्ये तीन मेजर दोष आहेत, तरी तो एकच खराब पीस. पीस मोजताय की दोष मोजताय ते आधी ठरलेलं हवं, मध्ये बदलायचं नाही.
- पीसमध्ये मेजर आणि मायनर दोन्ही असतील तर पीस मोजताना तो वरच्या वर्गात धरा.
- सॅम्पल पूर्ण करा. रिजेक्टचा आकडा पन्नासाव्या पीसलाच आला म्हणून थांबलात तर मागे उरलेल्या तीसची माहिती गेली, आणि सप्लायरशी बोलताना तीच हवी असते.
- "हा पीस काठावरचा आहे, दुसरा घेऊ" हे अजिबात नाही. जो नंबर आला तोच पीस.

सावधान: लॉट १ पीसने नापास झाला की "अजून २० बघू या का" असा आवाज येतोच. डबल सॅम्पलिंगचा (पहिल्या सॅम्पलवर निकाल लागला नाही तर दुसरं काढायचं) वेगळा प्लॅन आहे, त्याचे स्वतःचे आकडे आहेत, तो आधीपासून ठरवून वापरा. सिंगल प्लॅन नापास झाल्यावर तो डबल होत नाही.

## टप्पा ७: निकाल, आणि तिसरं बटण

नापास लॉट परत द्यायचा तर सगळा लॉट निवडून, खराब पीस काढून किंवा दुरुस्त करूनच तो पुन्हा सादर करता येतो. तसाच परत आणून "आता बघा" चालत नाही. आणि पुन्हा आलेल्या लॉटचा निकाल खालच्या मोजणीत धरायचा नाही, फक्त पहिल्यांदा झालेल्या तपासण्या धरायच्या.

- नॉर्मलवरून टाइटन्ड: सलग पाच किंवा त्याहून कमी लॉटमध्ये दोन नापास झाले की लगेच. जे ओळ, एक्यूएल १.० ला तेव्हा ८० मध्ये २ ऐवजी १ लाच पास.
- टाइटन्डवरून नॉर्मल: सलग पाच लॉट पास.
- टाइटन्डवर असताना एकूण पाच लॉट नापास झाले तर तपासणी थांबवायची, सप्लायरने सुधारणा केल्याशिवाय माल घ्यायचा नाही.
- नॉर्मलवरून रिड्यूस्ड: स्विचिंग स्कोअर (लॉटगणिक जमा होणारे गुण, हिशोब खाली आहे) ३० झाला पाहिजे, उत्पादन सुरळीत चालू पाहिजे, आणि जबाबदार माणसाची मंजुरी पाहिजे. तिन्ही. मग जे ला ८० ऐवजी ३२ पीस.
- रिड्यूस्डवर एक जरी लॉट नापास झाला तरी परत नॉर्मल.

स्कोअर असा: अ‍ॅक्सेप्ट नंबर (जितक्या खराब पिसांपर्यंत लॉट पास होतो तो आकडा) २ किंवा जास्त असेल आणि लॉट एक पायरी कडक एक्यूएलने पण पास झाला असता तर ३ जमा, नाहीतर शून्यावर. अ‍ॅक्सेप्ट नंबर ० किंवा १ असेल तर पास झाल्यावर २ जमा, नापास झाला की शून्य.

हे नियम न पाळता नुसता नॉर्मलचा तक्ता वर्षानुवर्षं वापरणं ही अगदी जुनी सवय आहे, आणि त्यामुळे सगळ्या व्यवस्थेचा दातच निघून जातो. सप्लायरला दंड बसतो तो टाइटन्डमुळेच.

## टप्पा ८: गाडीचा सेफ्टी चेक, जिथे तक्ता बाजूला ठेवायचा

ब्रेक होजचा लॉट सॅम्पलिंगने आला असेल, पण गाडी लाइनवरून उतरताना किंवा रोज रस्त्यावर निघताना ब्रेक प्रत्येक गाडीचाच बघायचा. शंभर गाड्यांमधल्या वीस बघून उरलेल्या ऐंशीचे ब्रेक चालतील असं म्हणता येत नाही. सॅम्पलिंगला इथे एकच जागा आहे: सगळ्या गाड्या तपासून झाल्यावर त्यातल्या काही वेगळ्या माणसाने पुन्हा बघायच्या, म्हणजे तपासणी खरंच झाली का ते कळतं. त्यासाठी छोटी स्पेशल लेव्हल पुरते.

आणि नावावरून गोंधळ नको. उत्तर अमेरिकेत मालवाहू गाड्यांच्या रस्त्यावरच्या तपासणीला सीव्हीएसएच्या (कमर्शियल व्हेइकल सेफ्टी अलायन्स) लेव्हल आहेत, आणि तिथे लेव्हल एक सगळ्यात सखोल, ३७ पायऱ्यांची, गाडीखाली जाऊन. दोन म्हणजे खाली न जाता भोवती फिरून, तीन म्हणजे ड्रायव्हर आणि कागदपत्रं. सॅम्पलिंगच्या तक्त्यात तीन जनरल लेव्हलमध्ये एक सगळ्यात हलकी. दोन्ही ठिकाणी काम करणारा माणूस एकाचा अर्थ दुसरीकडे लावतो, म्हणून चेकशीटवर कुठली पद्धत ते पूर्ण नावाने लिहा.

प्रत्यक्ष चेकचा क्रम:

१. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना ठोकळे, चावी बंद. खाली वाकायच्या आधी.

२. टायर थंड असताना हवा बघा, गरम टायरमध्ये प्रेशर जास्त दिसतं. टायरच्या खाचेची खोली अनेक देशांत कमीत कमी १.६ मिमी लागते, खाचेतले छोटे उंचवटे रबराच्या पातळीला आले की तिथवर झिजला. आतली बाजू बघायला चाक वळवा, बाहेरून चांगला दिसणारा टायर आतून गुळगुळीत असतो.

३. चाकाचे नट कंपनीने दिलेल्या टॉर्कला, समोरासमोरच्या क्रमाने. टॉर्क रेंचचा क्लिक झाल्यावर पुन्हा जोर लावून दुसरा क्लिक घेऊ नका, त्याने टॉर्क वाढतो. चाक काढून बसवलं असेल तर ५० ते १०० किमीनंतर परत बघा.

४. खालून होज, पाइप, गळती. होज हाताने थोडा वाकवा, सरळ असताना चीर दिसत नाही.

५. ब्रेक बूस्टर (व्हॅक्यूमने पेडलला मदत करणारा भाग): इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, घट्ट होईल. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा, पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूमची मदत मिळत नाहीये. आणि पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत राहिलं तर गळती आहे, गाडी हलवू नका.

६. लाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट. मागे माणूस नसेल तर गाडी भिंतीजवळ लावून उजेड बघा.

७. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पट्टी बघा, मग झटका देऊन लॉक होतो का, बकल आवाज करून बसतो का. मागच्या सीटचे पण, ते नेहमी सुटतात.

८. सगळं पास झाल्यावरच कमी वेगाने चालवून ब्रेक आणि स्टिअरिंग. ही पायरी आधी करणारे बरेच आहेत, आणि ते न तपासलेले ब्रेक घेऊन निघालेले असतात.

तपासा: प्रत्येक ओळीवर वेगळी टिक आणि जिथे मोजायचं तिथे आकडा. सगळ्या रकान्यांवरून एकच लांब रेघ ओढलेली शीट आली तर ती गाडी तपासलेली नाही असं धरा आणि परत पाठवा.